वरच्या वहिनींचा पऱ्या

गळ टाकणाऱ्या माणसाला चिकाटी लागते म्हणतात. आमच्या वरच्या वहिनींना चिकाटी कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. गळ पाण्यात पडतो न पडतो तोच त्या पुढच्या डबक्याकडे निघालेल्या असायच्या. मी मागून ओरडायची, "वहिनी, थांबा की जरा! मासा यायला वेळ तरी द्या!" त्या मागे वळूनही न बघता म्हणायच्या, "मासा बसतो काय गो एका जागी? मग मी कशाला बसू?" आणि गंमत अशी की मासे त्यांना मिळायचेच. मी मासे खाणाऱ्यांतली नाही, त्यामुळे त्यात कौशल्य किती आणि नशीब किती हे मला सांगता येणार नाही.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही खाली राहायचो आणि त्या आमच्या डोक्यावर. म्हणून त्या वरच्या वहिनी. पुढे सगळा ब्लॉकच त्यांना तसं म्हणू लागला, अगदी त्यांच्याही वर गच्चीच्या खोलीत राहणारे बंगाली बाबूसुद्धा. त्या घरात आहेत की नाहीत हे मला छताकडून कळायचं. सकाळपासून त्यांची पावलं स्वयंपाकघरातून खिडकीकडे, खिडकीतून दाराकडे, दारातून परत ओट्याकडे. भाजी चिरतानाही त्या चालत असाव्यात, असा आमच्या ह्यांचा अंदाज होता.

ह्या वणवणीचं कारण साधं होतं. त्यांना दिल्लीत राहायचंच नव्हतं. रत्नागिरीकडच्या एका लहानशा गावातून लग्न होऊन त्या थेट इथे आल्या, त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, एका मंत्रालयाच्या हिशेब विभागात होते म्हणून. भाऊजी दरवर्षी कोकणात बदली मागायचे आणि दरवर्षी ती मिळायची नाही. "यंदाचं वर्ष शेवटचं," वहिनी सांगायच्या. त्यामुळे घरात कपाट नाही, पडदे नाहीत, तुळससुद्धा डालड्याच्या डब्यात. "कुंडी कशाला आणायची? उद्या ऑर्डर आली की निघायचं." मी त्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा माझा मुलगा पाळण्यात होता. तो शाळेत जायला लागला तरी तुळस डब्यातच होती, आणि वहिनींनी आता भाऊजींना बजावून ठेवलं होतं की बदली झाली नाही तर त्या एकट्या निघून जातील. ही नुसती धमकी नव्हती. त्यांना इथे खरोखरच श्वास घेता येत नव्हता.

सगळ्यात मोठं भांडण माशांवरून. आय.एन.ए. मार्केटात मासे मिळत, पण वहिनी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायच्या. "बर्फातलं मढं. ह्याचे डोळे बघ, कवा मेलाय त्याचं त्यालाच आठवत नसेल." त्यांना समुद्राचा मासा नकोच होता. हवा होता तो घरामागच्या पऱ्याचा. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात जन्माला येणारा आणि दिवाळीनंतर मरणारा ओढा. त्यात पोरीबाळींसह सगळ्यांनी उतरायचं, जुन्या लुगड्यात मासे धरायचे आणि संध्याकाळी घरोघरी तोच वास. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. एरवी तो कधी खाली यायचा नाही.

तो पऱ्या त्यांना सापडला दिल्लीबाहेर, सोहना गावाच्या रस्त्यावर. आम्ही काही मराठी कुटुंबं गरम पाण्याचं कुंड बघायला बस करून निघालो होतो. गुडगावच्या पुढे तेव्हा नुसती शेतं आणि डावीकडे अरवलीची बोडकी टेकाडं. श्रावण होता. एका लहानशा पुलावरून बस जाताना वहिनी किंचाळल्या, "रोको! रोको!" कुणाला तरी उलटी होतेय असं वाटून ड्रायव्हरने बस थांबवली. वहिनी उतरल्या त्या थेट पुलाखाली. टेकडीवरून आलेला एक बरसाती नाला होता. गुडघाभर पाणी आणि त्यात बोटाएवढे चंदेरी मासे, खाली चिखलात शिंगटी, एका खोलगट जागी चांगली हातभर मरळ. "अगो बाय," त्या म्हणाल्या, "हितं कुणी धरतच नाही!" ही जागा रिकामी का असावी, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही नाही. कुंड बघायचं राहूनच गेलं, कारण त्यांना शोधून वर आणण्यातच दुपार सरली.

त्यानंतरच्या वर्षी त्यांनी भाऊजींना मृगावर कॅज्युअल लीव्ह घ्यायला लावली. कोकणात मृग लागला की पाऊस, पाऊस लागला की पऱ्या, आणि पऱ्याला पाणी आलं की मासे वर चढणार, हा हिशेब त्यांच्या रक्तातच होता. दोघं काठी, गळ आणि जुनी मच्छरदाणी घेऊन पोचली तेव्हा नाल्यात धूळ उडत होती आणि अंग भाजणारी लू अशी वाहत होती की भाऊजी परत आले ते तापानेच. कांद्याचा रस, कैरीचं पन्हं, सगळं झालं. बरे झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "मृगाची अजून दिल्लीला पोस्टिंग झालेली नाही. त्याचाही अर्ज पडून असेल." वहिनींना हसू आलं नाही. त्या खिडकीतून आभाळाकडे बघत होत्या, जणू त्याने कबूल केलेलं मोडलं होतं.

पाऊस आला तो यथावकाश, दिल्लीच्या रीतीने. मग मात्र रविवार म्हणजे पऱ्या. मी त्यांच्याबरोबर का जाते, असं मला माझी सासू विचारायची. आमच्या घरात अंडंसुद्धा पाहुण्यासारखं क्वचित येई, त्यात मी मासेमारीला! खरं सांगायचं तर ऑफिस, घर आणि ऑफिस यांच्या मध्ये मलाही कुठे तरी पळून जायचं होतं. वहिनींना पळायला जागा सापडली होती एवढंच. मी काठावर डबे सांभाळायची. त्या साडीचा काचा मारून पाण्यात शिरायच्या, ह्या डबक्यातून त्या डबक्यात, कधी गळ, कधी मच्छरदाणी, कधी नुसते हात. मराठी, हिंदी आणि शिव्या मिळून त्या माशांशी बोलायच्या. घरी आल्यावर वर तिरफळाचा वास सुटायचा आणि आमचे हे, "जरा भाऊजींकडे पेपर बघून येतो," म्हणून सटकायचे.

मग एकदा आम्ही नाल्याच्या कडेने गावाच्या जास्तच जवळ गेलो. तिथे जोहड होतं, म्हणजे गावतळं. वरच्या डबक्यात वहिनी कमरेपर्यंत उतरलेल्या असताना काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. मोठा घेरदार घागरा, गळ्यात चांदीची हासळी, हातात कणकेचे गोळे.

"के करै सै, बहू?"

"मछली पकडती," वहिनींनी अभिमानाने बादली दाखवली.

म्हातारीने कानाला हात लावला. "राम राम! यो पाप सै! इन मछलियाँ नै तो म्हारे बालक आटा गेरैं सैं."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गावात मासा कुणी खातच नव्हतं. शनिवारी, अमावास्येला, कुणाची परीक्षा असली, कुणाचं बाळंतपण अडलं, की जोहडातल्या माशांना कणीक घालायची. पावसाळ्यात जोहड भरून वाहिलं की तेच मासे नाल्यात उतरायचे. आम्ही गावाच्या पुण्याईवर गळ टाकला होता.

वहिनी वाद घालायला लागल्या. "ताई, हमारे गाँव में तो सणाला भी मछली बनती है!" त्या म्हातारीला गावात सगळे ताईच म्हणायचे, हे आम्हाला नंतर कळलं. वहिनींचा तो नुसता अंदाज होता. ताई ओरडली नाही. तिने बादली उचलली आणि पाण्यात उपडी केली. "इब मत आइयो, बंबईआळी," एवढंच म्हणाली. मराठी बोलणारी म्हणजे तिच्या लेखी मुंबईवाली. पुलावर चारदोन माणसंही येऊन उभी होती. आम्ही ओल्या साड्यांनी बस पकडली.

घरी गेल्यावर त्यांनी भाऊजींना सांगितलं, "माझं तिकीट काढा. तुमची बदली होईल तेव्हा तुम्ही या." भाऊजींनी दसऱ्यानंतरचं तिकीट काढलं. त्या दिवसांत वरून पावलांचा आवाज येईना. मला त्या शांततेची भीती वाटायची. एका संध्याकाळी भाऊजी खाली येऊन बसले, चहाच्या कपात बघत राहिले. "जेवणाचं काय, मेसमध्ये होईल हो. पण वर इतकं शांत मला सोसायचं नाही." भाऊजींना आपल्या मनातलं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

निघण्याआधी वहिनींना पऱ्याला एकदा बघायचं होतं. "धरणार नाही काही. नुसतं बघून येऊ." आश्विन लागला होता, ऊन चढत होतं. जाऊन बघतो तो नाला तुटलेला. जागोजाग डबकी उरलेली, चहासारखं पाणी, आणि त्यात मासे दाटीवाटीने तोंडं वर काढून हवा पीत होते. काही आडवे झाले होते. कावळे आणि बगळे कडेने मांडी घालून बसल्यासारखे. जोहड शेताच्या पलीकडेच, काठोकाठ भरलेलं, पण मध्ये कोरडी जमीन.

वहिनी क्षणभर बघत राहिल्या. "अगो, मरतील ना हे!" आणि त्यांनी माझ्या पिशवीतला चिवड्याचा डबा काढला, चिवडा माझ्या पदरात ओतला, डब्यात डबक्याचं पाणी घेतलं, मासे भरले आणि धावत सुटल्या. बांधावरून, काटेरी कुंपणातून, काचा मारलेली ती बाई डबा छातीशी धरून धावत होती. जोहडात डबा रिकामा केला की परत. मी पदरात चिवडा घेऊन उभी! शेवटी तोही कावळ्यांना टाकला आणि वहिनींच्या पिशवीतून निघालेल्या मच्छरदाणीचं दुसरं टोक धरलं. माझ्या हाताला जिवंत मासा लागला तो त्या दिवशी. तो इतका थंड आणि इतका घाबरलेला होता की मला किळस वाटायचं राहूनच गेलं.

ताई जोहडाच्या पाळीवर उभी राहून हे बघत होती. मग घरात गेली आणि स्वतःचं मोठं पितळी भांडं आणून वहिनींसमोर ठेवलं. वहिनींच्या डब्यातले काही मासे वाटेतच मेले होते. ते त्यांनी बाजूला ठेवले, तेव्हा ताईने निवाडा दिला, "जीते म्हारे, मरे तेरे."

म्हणजे जिवंत ते जोहडाचे, मेलेले वहिनींचे. झाला करार. त्या रात्री तिरफळाचा वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी तिकीट परत गेलं.

पुढे दर आश्विनात हेच. आणि ह्या करारातली मेख अशी की वहिनींच्या पायांत वारं भरलेलं, त्या इतक्या जोरात धावायच्या की मासे मरायचेच नाहीत. सगळा दिवस राबून बाई घरी यायच्या त्या मूठभर मासे घेऊन. भाऊजी बशीकडे बघून म्हणायचे, "जरा हळू धावत जा की गो." त्यावर त्या ताडकन म्हणायच्या, "माझ्या हातात जीव असतो तेव्हा मला तुमची बशी दिसत नाही!" ताईशी त्यांची मैत्री म्हणजे दर भेटीचं भांडण. ताईचं म्हणणं, बंबईआळी माशांना जोहडात फेकते, नीट सोडत नाही. वहिनींचं म्हणणं, ताईच्या कणकेने मासे आळशी झालेत. पण काम झाल्यावर ताई त्यांना हुक्का पुढे करायची आणि वहिनी, इकडेतिकडे बघून, एक झुरका घ्यायच्या. तेवढा एक झुरका त्या बसून घ्यायच्या. मलाही दिला होता. मी खोकत राहिले आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

आणि मग ऑर्डर आली. भाद्रपदात, भाऊजींनी आशा सोडल्यानंतर. पोस्टिंग थेट रत्नागिरी. भाऊजी ऑफिसातून पेढे घेऊनच आले. वहिनींनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पुढे ढकलता येईल?"

"काय?"

"पाणी तुटायच्या वक्ताला कशी जाऊ? ताईला आता धावायला होत नाही. माशांना कोण उचलणार?"

भाऊजींचा चढलेला आवाज मी त्या दिवशी खालपर्यंत ऐकला. "वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंस! साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या मी! आणि आता नाल्यातल्या माशांसाठी? बदली परत गेली तर पुन्हा मिळायची नाही, कळतंय का तुला?" शेवटी असं ठरलं की भाऊजींनी वेळेवर जाऊन रुजू व्हायचं आणि वहिनींनी क्वार्टर सोडायची मुदत आहे तोवर थांबायचं. भाऊजी एकटे ट्रेनमध्ये बसले. मी त्यांना डबा दिला. "नवस फेडायला बाई थांबते, ऐकलंय," ते म्हणाले, "पण ही बोललेला नवस सोडून भलत्याच नवसाला थांबलीय." रागावले होते, पण डोळ्यांत हसू होतं.

शेवटचं डबकं रिकामं केल्यावर वहिनींनी ताईला नमस्कार केला. ताईने डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कद आवैगी?" "अगले साल," वहिनी म्हणाल्या. निजामुद्दीनला गाडी सुटताना त्या खिडकीतून मला ओरडून सांगत होत्या, "पाणी डबक्याचंच घे गो, नळाचं घालू नकोस!" कुणी काही विचारलंही नव्हतं, त्यांनी मला नेमूनच टाकलं होतं. मी गेले. पुढच्या आश्विनात गेले, त्याच्या पुढच्याही. त्यांच्यासारखं धावता येत नाही, त्यामुळे माझ्या डब्यात जास्त मरतात. ते मी ताईच्या मांजरांना घालते.

बऱ्याच वर्षांनी, आषाढात, मी त्यांच्या गावी गेले. भाऊजी निवृत्त होऊन पडवीत बसले होते. "ती पऱ्यावर. जा, बघ तमाशा." पाऊस कोसळत होता, पऱ्या तांबडा होऊन धावत होता आणि मध्ये खडकावर इरलं घेऊन वहिनी उभ्या होत्या, हातात काठी. मासे वर चढायचे दिवस. पोटात अंडी घेऊन ते धारेवर उडी मारतात, आपटतात, पुन्हा मारतात. काठावर गावातले लोक जाळी घेऊन ताटकळलेले. "चढू देत आधी!" वहिनी ओरडत होत्या. "उतरताना काय ते धरा!" एक पोरगेला गडी मला वैतागून म्हणाला, "ही दिल्लीवाली आमच्या बापजाद्यांचा रिवाज मोडतेय. आता सगळी ऐकतात पण तिचं. कोण भांडणार?"

बंबईआळी इथे दिल्लीवाली झाली होती. मला हसू आलं. जन्मभर ज्या पऱ्यासाठी जीव टाकला, त्या पऱ्यावर त्या सगळ्यांशी भांडत एकट्या उभ्या होत्या.

रात्री जेवताना त्यांनी मला प्रश्नांनी भंडावलं. जोहड भरतं का, पुलाखालचं डबकं किती दिवस टिकतं, ताईचा खोकला, ताईची मांजरं. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर माझा हात धरून एकदम म्हणाल्या, "मला एकदा ने गो तिकडं. हितं करमत नाही." भाऊजींनी कपाळाला हात लावला, "आता दिल्लीला बदली मागू काय?" पण वहिनींचे डोळे भरले होते. गुडघे गेलेले, दम लागत होता. एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही हे त्यांना कळत होतं आणि मलाही. "ह्या आश्विनात या," मी म्हटलं.

आश्विन लागायच्या आधीच भाऊजींचा फोन आला. "आमचं घर शांत झालं," म्हणाले.

त्या वर्षी मी नाल्यावर गेले. जोहडाच्या एका बाजूला कुणा बिल्डरची पत्र्याची भिंत उभी राहिली होती, पण पाणी होतं. ताई खाटेवर, पाळीपाशी. दृष्टी अधू झाली होती, तरी माझी पावलं ओळखली. दरवर्षीचा प्रश्न तिने विचारला, "बंबईआळी कद आवैगी?"

मला सांगवेना. मी डबा पाण्यात कलता करत, तिच्याकडे न बघता म्हटलं, "अगले साल, ताई."

मासे पाण्यात उतरल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिने चाचपडत माझं मनगट धरलं.

"झूठ मत बोल, बहू," ती म्हणाली. "जीती होती तो दौड़ी आती."